बुरशीचं औषध तोंडात किती वेळ टिकतं?

बाळाच्या गालाच्या आत, टाळूवर, ओठांच्या आतल्या बाजूला फाटलेल्या दुधासारखा पांढरा थर दिसला की आपल्याकडे म्हणतात, ‘तोंड आलंय’. खानापूर असो की निपाणी, घरातली आजी टाकणखाराची लाही मधात कालवायला सांगते आणि कोपऱ्यावरचा औषधवाला माउथ पेंटची छोटी बाटली पुढे करतो. दोघांचा हेतू चांगलाच असतो. पण आजीचा उपाय धोक्याचा आहे आणि औषधवाल्याचा अर्धवट, कारण बाटली वापरायची कशी हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही.

टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो शरीरातून सावकाश बाहेर पडतो, त्यामुळे बाळाला रोज थोडा थोडा चाटवला तर साठत जातो. १९८३ मध्ये ब्रिटनमधल्या एका बालरोग नियतकालिकात अशा ७ बाळांची नोंद छापून आली होती. मध आणि बोरॅक्सचं मिश्रण त्यांच्या तोंडात जात होतं आणि त्यांना झटके येत होते; मिश्रण बंद झालं, झटके थांबले. मधाचा धोका आणखी वेगळा. त्यात बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला तो द्यायचाच नसतो. आजींचा पूर्ण मान ठेवून सांगतो, ही वाटी बाजूला सारा.

हा पांढरा थर कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा, बहुतेक वेळा कॅन्डिडा अल्बिकन्स या जातीचा. ती बाहेरून येऊन हल्ला करते असं नाही. साधारण निम्म्या निरोगी माणसांच्या तोंडात ती मुकाट्यानं राहत असते. लाळ, तोंडातले इतर जंतू आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकनं ते जंतू मेले, दम्याच्या पंपातलं स्टिरॉइड घशाशी साचलं, मधुमेह आटोक्याबाहेर गेला, तोंड सतत कोरडं राहिलं किंवा कवळी रात्रंदिवस तोंडात राहिली, की हा आवर सुटतो. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती अजून तयार होत असते, म्हणून त्याला ती सहज गाठते.

तिच्यावरचं पहिलं भरवशाचं औषध मातीतून आलं. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीच्या नमुन्यांतले जंतू वाढवून बघायच्या आणि बुरशीला मारणारा जंतू सापडला की तो टपालानं ऑल्बनीला रसायनतज्ज्ञ रेचल ब्राऊन यांच्याकडे पाठवायच्या. दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागात होत्या. व्हर्जिनियातल्या एका ओळखीच्या कुटुंबाच्या शेतातल्या मातीत हवा तो जंतू मिळाला, १९५० मध्ये शोध जाहीर झाला आणि ‘न्यूयॉर्क स्टेट’ या राज्याच्या नावावरून औषधाला निस्टॅटिन म्हटलं गेलं. त्यातून मिळालेले १ कोटी ३० लाखांहून जास्त डॉलर या दोघींनी विज्ञान संशोधनाला देऊन टाकले. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

निस्टॅटिन बुरशीच्या पेशीच्या पडद्यातल्या एर्गोस्टेरॉल या चरबीसारख्या घटकाला चिकटतं आणि पडद्याला भोकं पाडतं. पेशीतला ऐवज गळून जातो, बुरशी मरते. आपल्या पेशींच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नसून कोलेस्टेरॉल असतं, म्हणून आपण सुरक्षित राहतो. शिवाय आतड्यातून हे औषध रक्तात जवळजवळ जातच नाही, त्यामुळे दुसऱ्या गोळ्यांशी भांडण नाही. क्लोट्रिमॅझोल आणि मायकोनॅझोल ही पुढच्या पिढीतली औषधं. ती भोकं पाडत नाहीत, एर्गोस्टेरॉल तयार होण्याचं कामच अडवतात.

मग यातलं चांगलं कोणतं? कागदावरच्या ताकदीपेक्षा मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: औषध तोंडात किती वेळ टिकतं? मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि ती सतत गिळली जाते. वरून लावलेलं औषध त्याबरोबर पोटात जातं. पोटात गेलेलं निस्टॅटिन तोंडाच्या काहीच कामाचं नाही.

जर्मनीत १९९० च्या दशकात तान्ह्या बाळांवर झालेल्या तुलनेत हे स्पष्ट दिसलं. मायकोनॅझोलच्या जेलनं १२ दिवसांत जवळपास सगळी बाळं बरी झाली, निस्टॅटिनच्या पातळ औषधानं सुमारे निम्मीच. जेल गालाला चिकटून राहतं, पातळ औषध वाहून जातं; या फरकाचं तेही एक मोठं कारण असावं. पण त्याच चिकटपणामुळे चार महिन्यांखालच्या बाळाला जेल देत नाहीत, गोळा घशात अडकून श्वास कोंडू शकतो. मोठ्या बाळालाही ते स्वच्छ बोटानं, थोडं थोडं, गालाच्या आत लावायचं. घशाच्या मागे कधीच नाही. अगदी तान्ह्याला डॉक्टर निस्टॅटिन देतात ते यामुळेच. ते दूध पाजून झाल्यावर दोन्ही गालांत सोडायचं. बाळंतिणीच्या स्तनाग्रांना आग होत असेल तर तिच्यावरही एकाच वेळी उपचार लागतो, नाहीतर बुरशी आईकडून बाळाकडे आणि बाळाकडून आईकडे फिरत राहते.

मोठ्यांसाठीही गणित तेच. निस्टॅटिन ४ ते ६ मिलिलिटर, दिवसातून चार वेळा, जमेल तितका वेळ तोंडात घोळवायचं. एक घोट घेऊन लगेच गिळलं तर बाटली संपते, थर राहतो. क्लोट्रिमॅझोलची चघळायची १० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा हळूहळू विरघळू दिली की औषध लाळेत तीन तासांपर्यंत कामापुरतं टिकू शकतं. आपल्याकडे हेच औषध १ टक्का माउथ पेंट म्हणून जास्त खपतं. ते लावून लगेच चहा घेतला तर धुऊन गेलं म्हणूनच समजा. जेवण झाल्यावर लावा आणि पुढचा अर्धा तास तोंड रिकामं ठेवा. थर दिसेनासा झाला तरी लगेच थांबायचं नाही: निस्टॅटिन आणखी दोन दिवस, मायकोनॅझोल आणखी आठवडाभर.

मायकोनॅझोल जेलबद्दल एक इशारा ठळकपणे द्यायला हवा, कारण हे जेल निरुपद्रवी समजून शेजारणीलाही दिलं जातं. ते थोडंफार रक्तात जातं आणि यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या यंत्रणेला अडवतं. रक्त पातळ करण्याची वॉरफरिन गोळी चालू असेल तर तिचा परिणाम इतका वाढतो की गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइडचा, परिणाम वाढून साखर एकदम खाली येऊ शकते. अशा माणसानं जेल स्वतःहून लावू नये.

औषध कितीही चांगलं असलं तरी बुरशीचा अड्डा तसाच राहिला तर ती परत येते. कवळी रात्री काढून, घासून, भिजत ठेवायची. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या चालू असतील तर त्या आणि निस्टॅटिन यांत किमान अर्ध्या तासाचं अंतर हवं, दोन्ही एकत्र आली की निस्टॅटिनचा जोर जातो. दम्याचा पंप ओढल्यावर गुळणी करून पाणी थुंकायचं. आणि साखर आटोक्यात नसेल तर कुंद्यासारख्या मिठाईचा डबा काही दिवस बंदच बरा.

आता निपाणी-चिकोडीकडच्या, तंबाखूच्या पट्ट्यातल्या वाचकांसाठी खास. कॅन्डिडाचा थर ओल्या कापडानं पुसला की बहुधा निघतो आणि खाली लाल, हुळहुळी त्वचा दिसते. तंबाखू, गुटखा किंवा मिश्री लावणाऱ्याच्या तोंडातला पांढरा चट्टा पुसून निघत नसेल तर तो ल्युकोप्लाकिया असू शकतो, आणि त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. अशा चट्ट्यावर महिनोन्महिने माउथ पेंट लावत बसणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. दंतवैद्याला दाखवा, तुकडा तपासायला लागेल म्हणून घाबरू नका.

तरण्या, धडधाकट माणसाच्या तोंडात कारण नसताना थर आला, किंवा औषध थांबवताच परत आला, तर रक्तातली साखर आणि एचआयव्ही या दोन तपासण्या व्हायलाच हव्यात. बेळगाव आणि बागलकोट भागात एकेकाळी एचआयव्हीचं प्रमाण जास्त होतं, हे इथल्या लोकांना माहीत आहे. सरकारी रुग्णालयात ही तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं. गिळताना दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. तिथे जेल आणि पेंट पोचत नाहीत, फ्लुकोनॅझोलसारखं पोटातून घेण्याचं औषध लागतं. तेही लागू पडलं नाही तर डॉक्टर थराचा नमुना घेऊन बुरशीची जात ओळखायला पाठवतात, कारण कॅन्डिडा क्रुसीसारख्या जातीवर फ्लुकोनॅझोल मुळातच चालत नाही.