दारातली दोन मिनिटं

बालवाडी सुटायची वेळ. दाराशी आई उभी आहे. आत तिचा तीन वर्षांचा मुलगा ठोकळ्यांचा मनोरा रचण्यात रंगून गेलाय. तो मान वर करतो, आई दिसते, ओठ थरथरतात आणि पुढच्याच क्षणी भोकाड पसरतो. ताई म्हणतात, "अहो, सकाळपासून एकदासुद्धा रडला नाही. किती छान खेळत होता!" यावर विश्वास ठेवावा की नाही, हे आईला कळत नाही. इथे काहीतरी घडलंय आणि आपल्याला सांगत नाहीयेत, असं तिला वाटतं. ताईंना वाटतं, घरी फार लाड होत असणार. दोघीही मनातलं बोलत नाहीत आणि मूल मुसमुसत घरी जातं.

ताई खोटं बोलत नव्हत्या. आईला दिसलं तेही खरंच होतं.

थॉमस आखेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. लहानांपासून किशोरवयीनांपर्यंतच्या मुलांच्या वागण्याबद्दल आणि भावनिक अडचणींबद्दल वेगवेगळी माणसं काय सांगतात आणि त्यांचं म्हणणं किती जुळतं, हे त्यांनी तपासलं. पूर्ण मेळ म्हणजे १ आणि काहीच मेळ नाही म्हणजे ०, असं धरलं तर आई आणि बाबा यांच्यासारख्या एकाच ठिकाणी मुलाला पाहणाऱ्यांमधला मेळ सरासरी ०.६० होता. पालक आणि शिक्षक अशा वेगवेगळ्या भूमिकांतल्या माणसांमध्ये तो ०.२८ पर्यंत उतरला. मला हा आकडा फार बोलका वाटतो. 'आमच्याकडे तर असं कधीच करत नाही' हे वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकू येतं, ते याच फरकामुळे. मुलाचं वागणं जागेप्रमाणे आणि समोरच्या माणसाप्रमाणे बदलतं. घरी एकुलतं एक असलेलं मूल वीस मुलांत निराळंच वागणार. म्हणजे प्रत्येकीजवळ त्या मुलाची अर्धीच माहिती आहे, आणि दुसरा अर्धा भाग समोरच्या बाईजवळ आहे.

मग आईला पाहताच येणाऱ्या रडण्याचं काय? मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांचं आईशी असलेलं नातं अभ्यासताना थोड्या वेळाच्या ताटातुटीनंतर आई परत येते त्या क्षणाकडे सर्वांत बारकाईने पाहिलं. नातं भक्कम असलेली मुलंसुद्धा त्या क्षणी रडतात, आईला बिलगतात. मात्र ती लवकर शांत होतात आणि पुन्हा खेळायला लागतात. दारातलं रडणं बऱ्याचदा याच जातीचं असतं. नवी जागा, गोंगाट, खेळणं मिळेपर्यंत थांबणं, हे सगळं मूल दिवसभर निभावून नेतं आणि हक्काचं माणूस दिसलं की त्याचा बांध फुटतो. ताईंनी एवढं जरी आईला सांगितलं, तरी घरी जाताना तिच्या मनावरचं ओझं निम्मं होईल. अर्थात रडणं रोज लांबत गेलं, झोप उडाली, जेवण सुटलं, तर ही समजूत पुरेशी नाही. तेव्हा दोघींनी निवांत बसून बोलायलाच हवं.

हा ताण शरीरातही मोजता येतो. लिझेलोटे आनेर्ट, मेगन गुनार आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे सव्वा वर्षाची ७० मुलं होती, नुकतीच पाळणाघरात जाऊ लागलेली. ताण आला की शरीरात वाढणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं प्रमाण त्यांच्या लाळेतून मोजलं. आई निघून गेल्यानंतरच्या पहिल्या तासात ते घरच्या मानाने ७५ ते १०० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. त्याआधीच्या दिवसांत, जेव्हा आई मुलाबरोबर तिथेच बसायची, तेव्हा आईशी सुरक्षित नातं असलेल्या मुलांमध्ये ते कमी होतं. ज्या आयांनी मुलाला रुळवायला जास्त दिवस दिले, त्यांच्या मुलांचं आईशी असलेलं नातं सुरक्षित राहिलं किंवा सुरक्षित झालं.

जर्मनीत यासाठी 'बर्लिन पद्धत' वापरली जाते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत थोडा वेळ येऊन बसतात आणि ताटातूट अजिबात करत नाहीत. पालकाने कोपऱ्यात नुसतं बसायचं असतं. मुलाला ढकलायचं नाही आणि खेळात ओढायचंही नाही. चौथ्या दिवशी पालक निरोप घेऊन थोड्या वेळासाठी बाहेर जातो. मूल रडलं आणि ताईंच्या कुशीत शांत झालं, तर पुढचं पाऊल टाकायचं. नाही झालं, तर पालकाला परत बोलवायचं आणि आणखी काही दिवस द्यायचे. मूल रडलं की नाही, यापेक्षा ते ताईंकडून समजूत घालून घेतं का, ही कसोटी इथे धरली आहे आणि मला ती अगदी योग्य वाटते. निरोप घेऊन जाणं हेही तितकंच मोलाचं. मूल खेळात गुंगलेलं असताना गुपचूप सटकलं, तर आई कधीही नाहीशी होऊ शकते, एवढंच ते शिकतं.

या दिवसांत पालक कोपऱ्यात बसतात, तेव्हा ताईंना आणखी एक संधी मिळते. घरची बारीकसारीक माहिती विचारून घेण्याची. शू लागली की हा कोणता शब्द वापरतो? झोप आली की कान चोळतो की चिडचिड करतो? कुठल्या आवाजाला घाबरतो? प्रवेशाच्या अर्जावर यातलं काही नसतं. घरचा शब्द ताईंना माहीत नसला, तर मूल तोच शब्द तीनदा म्हणतं आणि शेवटी चड्डी ओली करतं. मग त्याला लाज वाटते, ती वेगळीच. घरातली भाषाच निराळी असेल तर असे दहा-पंधरा शब्द कागदावर लिहून द्यावेत, आणि घरी मुलाशी आपल्याच भाषेत भरभरून बोलत राहावं.

युरी ब्रॉन्फेनब्रेनर या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मुलाच्या वाढीचा विचार करताना घर आणि शाळा यांच्याइतकंच त्या दोन जगांमधल्या दुव्याला महत्त्व दिलं. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात १९६२ साली सुरू झालेल्या पेरी बालवाडीच्या प्रयोगात १२३ मुलं होती आणि त्यांचा मागोवा ती चाळिशीत पोहोचेपर्यंत, आणि त्यानंतरही घेतला गेला. त्यांतली काही बालवाडीत गेली, काही गेली नाहीत; न गेलेल्यांच्या मानाने गेलेल्यांची मिळकत पुढे जास्त राहिली, अटक होण्याचं प्रमाण कमी राहिलं. या प्रयोगाचं नाव निघालं की वर्गातल्या शिकवण्याचीच चर्चा होते. पण त्या शिक्षिका दर आठवड्याला दीड तास मुलाच्या घरी जाऊन आईसोबत बसत, हे सहसा कुणी सांगत नाही. फायद्यातला किती वाटा वर्गाचा आणि किती त्या भेटींचा, हे वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही सोबतच होतं.

दर आठवड्याला दीड तास फार थोड्यांना जमेल. दारातली दोन मिनिटं मात्र बहुतेकांकडे असतात आणि ती बऱ्याचदा "आज कसा होता?" "छान होता" यातच संपतात. घरी गेल्यावर आई मुलाला विचारते, "आज काय केलंस?" मूल म्हणतं, "काही नाही." ते काही लपवत नसतं. कुठलाही धागा हाती नसताना आठवणीतून एखादी गोष्ट शोधून काढायची आणि ती क्रमाने सांगायची, हे तीन वर्षांच्या मेंदूला अवघड जातं. धागा मिळाला तर तेच मूल बोलत सुटतं. रॉबिन फिवुश, इलेन रीस अशा संशोधकांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. घडून गेलेल्या गोष्टींबद्दल मोठी माणसं मुलांशी तपशिलात बोलली, 'मग काय झालं', 'कुठे होतं', 'तुला कसं वाटलं' असं विचारत राहिली, तर मुलं आठवणी अधिक भरीव रीतीने सांगू लागतात. ज्या आयांना असं बोलण्याची पद्धत मुद्दाम शिकवली, त्यांच्या मुलांमध्येही हा फरक दिसला.

पण घरी बसलेल्या आईला हा धागा मिळणार कुठून? तो ताईंकडेच असतो. समजा त्यांनी जाता जाता एवढंच सांगितलं, "आज कुंडीखाली गोगलगाय सापडली, हा तिच्यासमोरून हलायलाच तयार नव्हता." संध्याकाळी आई विचारते, "गोगलगाय कुठे दडली होती रे?" मूल हातातली गाडी खाली ठेवतं. कुंडीखाली. ओली होती. बोट लावलं की शिंगं आत. मग? मग ती घरातच गेली. घर कुठे होतं तिचं? पाठीवर! असं म्हणत ते उशी पाठीवर घेऊन जमिनीवर सरपटायला लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई हेच दारात ताईंना सांगते. ताई हसतात आणि दुपारच्या खेळासाठी वर्गातल्या सगळ्या उश्या बाहेर काढून ठेवतात.