हॅमरहेडचा इथोरियन कसा झाला

1977च्या ‘स्टार वॉर्स’ या अंतराळपटात मॉस आयझ्ली या अवकाशबंदराच्या गुत्त्यात हातोड्यासारख्या डोक्याचा एक प्राणी क्षणभर दिसतो. केनर कंपनीने त्याचं खेळणं काढलं, पाकिटावर ‘हॅमरहेड’ छापलं, आणि बरीच वर्षं प्रेक्षकांसाठी त्याची ओळख तेवढीच राहिली. तो इथोर ग्रहावरचा, जंगलावर तरंगणाऱ्या शहरांत राहणारा शांतताप्रिय इथोरियन आहे, हे 1987 साली एका खेळाच्या पुस्तकाने सांगितलं.

‘स्टार वॉर्स’साठी तो काळ ओसरतीचा होता. तिसरा चित्रपट 1983ला येऊन गेला होता. केनरची खेळणी 1985च्या सुमाराला थांबली, मार्व्हलचं मासिक 1986ला बंद पडलं. अशा वेळी वेस्ट एंड गेम्स या अमेरिकन कंपनीने रोलप्लेइंग गेमचे हक्क घेतले, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घेऊन गोष्ट रचत जायच्या खेळाचे. मूळ खेळ ग्रेग कॉस्टिकयान यांनी रचला. त्याच्या जोडीला बिल स्लाविचेक आणि कर्टिस स्मिथ यांनी ‘स्टार वॉर्स सोर्सबुक’ हे संदर्भपुस्तक लिहिलं. फासे मात्र आपल्या ओळखीचेच, सहा बाजूंचे. फाशांवर चालणारी ही खेळाची पद्धत त्याच कंपनीच्या 1986च्या ‘घोस्टबस्टर्स’ खेळातून पुढे आली होती.

एवढा तपशील कशाला हवा होता? चित्रपटात कॅमेरा दुसरीकडे वळला की प्रश्न मिटतो. टेबलाभोवती तसं होत नाही. खेळणारा मध्येच विचारतो, ‘मी या हातोडाडोक्याशी बोलतो. तो कुठला? त्याला कशाचा राग येतो?’ गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं. म्हणून यानांचा वेग, शस्त्रांची ताकद, ग्रहांची हवा, सगळं लिहून काढावं लागलं. चित्रपटातल्या जबा या गुंडांच्या म्होरक्याचा कारभारी बिब फॉर्च्युना ट्विलेक जमातीचा झाला, आणि त्याच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या शेपट्यांना स्वतःची खुणांची भाषा मिळाली. त्याच गुत्त्यात दिसणाऱ्या ग्रीडोच्या जमातीला रोडियन हे नाव मिळालं. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण पडद्याच्या कोपऱ्यातल्या मुखवट्यांना इथे पहिल्यांदा घरदार मिळालं.

त्याचा खरा परिणाम पुढे दिसला. लेखक टिमथी झान ‘स्टार वॉर्स’ची नवी कादंबरी लिहायला बसले, तेव्हा चित्रपटांची निर्माती कंपनी लुकासफिल्मने संदर्भासाठी त्यांच्याकडे हीच पुस्तकं पाठवली. 1991ला ती कादंबरी आली, प्रचंड खपली, आणि खेळातली नावं आता खेळ न खेळणाऱ्यांच्याही तोंडी बसली.

वेस्ट एंड गेम्सचं 1998ला दिवाळं निघालं. 2014ला लुकासफिल्मने जुन्या कादंबऱ्या-कॉमिक्समधल्या कथा अधिकृत इतिहासातून बाजूला काढल्या, तरी ही नावं टिकली. 1989च्या ‘इम्पीरियल सोर्सबुक’मधलं कथेतल्या जुलमी साम्राज्याचं सुरक्षा खातं, आयएसबी, 2022च्या ‘अँडॉर’ मालिकेत कथेच्या मध्यभागी आहे. त्याआधी, 2018 साली, फँटसी फ्लाइट गेम्सने 1987ची ती दोन्ही पुस्तकं, मूळ खेळ आणि सोर्सबुक, एकत्र पुन्हा छापली.