क्लबच्या यादीत नाव लागण्याआधी: नवोदित फुटबॉलपटूंची नोंदणी, पात्रता आणि हमखास अडवणारी कागदपत्रे

चाचणीत निवड झालेला, सरावात रोज हजर असलेला मुलगा हंगामाच्या पहिल्या सामन्यात कुंपणाबाहेर उभा दिसला, तर त्याच्या घरच्यांना वाटते की प्रशिक्षकांनी डावलले. बऱ्याचदा प्रशिक्षकांचा त्यात काहीच हात नसतो. मुलाची नोंदणीच झालेली नसते. गेली काही वर्षे एका स्थानिक क्लबसाठी हे कागद गोळा करण्याचे काम माझ्याकडे आहे आणि दर वर्षी जून उजाडला की त्याच चार-पाच चुका नव्या चेहऱ्यांनिशी समोर येतात. आयएसएल किंवा आय-लीग या देशातल्या वरच्या पातळीवरच्या फुटबॉल स्पर्धांमधील क्लबच्या संघात जागा मिळवू पाहणाऱ्या महाराष्ट्र-गोव्यातील मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी ही माहिती लिहीत आहे.

मूळ व्यवस्था सोपी आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची एक मध्यवर्ती संगणकीय नोंदणी-प्रणाली आहे. तिला सगळे ‘सीआरएस’ म्हणतात. या प्रणालीत नाव असल्याशिवाय महासंघाच्या मान्यतेच्या स्पर्धेत खेळता येत नाही. महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशन ही राज्य पातळीवरची संस्था असते. यातील पहिली गोष्ट, जी अनेकांना उशिरा कळते, ती अशी की खेळाडू स्वतः अर्ज करत नाही. अर्ज क्लब भरतो, कागद क्लब चढवतो आणि म्हणूनच त्रुटी निघाल्याचा निरोपही आधी क्लबकडे येतो. तो निरोप मुलापर्यंत पोहोचायला आठवडा लागला, तर तो आठवडा मुदतीतूनच वजा होतो. फोटो, मोबाइल क्रमांक, ईमेल, पत्ता या बाबी दहा मिनिटांत होतात. त्यांवर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. ईमेल मात्र मुलाचा स्वतःचा द्यावा, प्रशिक्षकांचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा नको.

खेळाडूचा नोंदणी क्रमांक आयुष्यभर एकच असतो. तेराव्या वर्षी एखाद्या अकादमीने मुलाची नोंदणी करून ठेवलेली असते, घरच्यांना त्याची आठवण नसते आणि नवा क्लब ‘नवीन खेळाडू’ म्हणून पुन्हा अर्ज भरतो. दोन नोंदींत जन्मतारीख किंवा नावाचे स्पेलिंग वेगळे निघाले की साधा विसर लबाडीसारखा दिसू लागतो. तेव्हा कोठेही, कितीही लहान वयात नोंदणी झाली असल्यास ते नव्या क्लबला आधीच सांगावे.

जन्मदाखला

सर्वाधिक अर्ज येथे अडतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 नुसार जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची असते. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, एक वर्षापर्यंत लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. पूर्वी हा अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होता; 2023 च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. दाखल्यावर दोन तारखा असतात, जन्माची आणि नोंदणीची. पालक पहिली पाहतात, छाननी करणारा दुसरी पाहतो. मुलगा चौदा वर्षांचा झाल्यावर केलेली नोंद कायदेशीर असली, तरी वयोगटाच्या स्पर्धेत तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. कारण वय कमी दाखवण्याचा तोच जुना राजमार्ग आहे. प्रामाणिक माणसाला याचा त्रास होतो, हे खरे. अशा वेळी रुग्णालयातील प्रसूतीची नोंद, लसीकरणाचे कार्ड, अंगणवाडीतील नोंद, पहिलीच्या प्रवेश-रजिस्टरचा उतारा असे त्या काळातले कागद सोबत असले तर बोलायला जागा राहते.

दुसरी अडचण नावाच्या रकान्याची. मागच्या वर्षी करवीर तालुक्यातील एक वडील प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, लॅमिनेशन केलेला दाखला घेऊन आले. नोंदणी वेळेत, शिक्का स्पष्ट, आईवडिलांची नावे बरोबर, लिंग ‘पुरुष’ आणि बाळाच्या नावापुढे नुसती आडवी रेघ. बारशाच्या आधी नोंद झाली आणि नंतर नाव घालायला कोणी गेलेच नाही. सतरा वर्षे तो कागद कपाटात जपून ठेवला होता, फक्त तो त्यांच्या मुलाचा आहे असे कोठेही म्हटलेले नव्हते. कायद्याच्या कलम 14 प्रमाणे पहिल्या बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. त्यानंतर सरकारने खास मुदतवाढ दिलेली असेल तरच ते होते. म्हणून मुलगा बारा-तेरा वर्षांचा असतानाच दाखला कपाटातून काढून तो रकाना डोळ्यांनी पाहावा. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नये. मूळ प्रत तपासणाऱ्याला शिक्का आणि कागद प्रत्यक्ष पाहायचे असतात.

तिसरी अडचण खास आपल्याकडची आहे. जून महिन्यात शाळेत नाव घालताना गुरुजींनी ‘1 जून’ ही जन्मतारीख लिहून टाकण्याची जुनी रीत अजून पुरती गेलेली नाही. समजा मुलाचा खरा जन्म 14 नोव्हेंबर 2009 चा आहे आणि शाळेच्या दाखल्यावर 1 जून 2010 आहे. स्पर्धेची अट ‘1 जानेवारी 2010 किंवा त्यानंतर जन्मलेले’ अशी असेल, तर शाळेच्या कागदावर तो पात्र आणि जन्मदाखल्यावर अपात्र ठरतो. येथे पालक हमखास शाळेचा दाखला पुढे करतात आणि दोन वर्षांनी पासपोर्ट काढताना जन्मदाखल्याची तारीख बाहेर येते. खरी तारीख जी असेल तीच पहिल्या दिवसापासून सर्वत्र वापरावी, मग त्यासाठी एखादी स्पर्धा हुकली तरी चालेल. शाळेच्या रजिस्टरमधील दुरुस्ती मुलगा शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत तुलनेने सुकर असते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तेच काम फार जिकिरीचे होते.

आधार कार्डाविषयीचा गैरसमज तर जात नाही म्हणजे नाही. आधार ही ओळख पटवणारी गोष्ट आहे, जन्मतारखेचा पुरावा नव्हे. आधार देणाऱ्या प्राधिकरणाने स्वतः तसे स्पष्ट केले आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर 2024 मध्ये तेच म्हटले. तरीही ‘आधारवर तारीख आहे ना, मग?’ हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकावा लागतो. प्रतिज्ञापत्राचेही तसेच. मुद्रांकावर वडिलांनी शपथेवर लिहून दिल्याने जन्माची तारीख बदलत नाही. राजपत्रात नावबदल छापून आणल्याने नावाचा प्रश्न सुटू शकतो. मूळ जन्मनोंद मात्र त्याने आपोआप बदलत नाही.

काही वयोगटांत कागदांबरोबर टीडब्ल्यू-थ्री चाचणी असते. यात डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वयाचा अंदाज बांधतात. हाडांचे वय आणि जन्मतारखेचे वय यांत निरोगी मुलांमध्येही फरक पडतो, त्यामुळे खरा दाखला असूनही एखादा लवकर वाढलेला मुलगा बाहेर राहतो. हे अन्यायकारक वाटते आणि कधीकधी ते असतेही. परंतु मैदानातल्या गैरप्रकारांनी ही वेळ आणली आहे, हेही विसरता येत नाही.

पासपोर्ट, पोर्तुगाल आणि आखात

गोव्यातील मुलांसाठी एक स्वतंत्र इशारा. आजी-आजोबांच्या काळच्या नोंदींच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेणारी कुटुंबे तेथे पुष्कळ आहेत. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. मुलाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आला की तो मडगावात जन्मलेला असो वा म्हापशात वाढलेला, क्लबच्या यादीत तो परदेशी खेळाडू ठरतो. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात आणि त्या जागेवर कोणताही क्लब एकोणीस वर्षांचा नवोदित घेत नाही. तेथे युरोपात किंवा दक्षिण अमेरिकेत खेळलेला, अनुभवी माणूस येतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड राहण्या-फिरण्याच्या सोयीचे आहे, भारतीय संघात खेळण्यासाठी मात्र भारतीय पासपोर्टच लागतो. पुण्याच्या क्लबकडून खेळलेल्या अराता इझुमी यांनी भारतीय संघासाठी जपानचे नागरिकत्व सोडले, यावरून ही अट किती पक्की आहे ते कळावे. घरात पासपोर्टचा निर्णय होत असेल, तर मुलाच्या फुटबॉलचा विचार त्याच बैठकीत व्हावा.

दुबई, दोहा, मस्कत येथून परत येणाऱ्या मराठी कुटुंबांची अडचण वेगळी आहे. तेथील अकादमीने मुलाची तिथल्या महासंघाकडे नोंदणी केलेली असेल आणि मुलगा दहा वर्षांचा किंवा मोठा असेल, तर भारतात खेळण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र, म्हणजे एका देशाच्या महासंघाकडची नोंद दुसऱ्या देशाकडे हलवण्याचा दाखला, लागते. मुलगा अठरा वर्षांखालचा असेल, तर फिफाच्या नियमांत अशा हस्तांतराला मुळात बंदी आहे आणि मोजक्या अपवादांतून वाट काढावी लागते. त्यांपैकी आपल्या कामाचा अपवाद असा की पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने स्थलांतरित झाले असावेत. ते कागदोपत्री दाखवावे लागते: वडिलांचे किंवा आईचे नोकरीचे पत्र, राहत्या घराचा पुरावा, स्थलांतराच्या तारखा. ‘आपल्याच देशात परत आलो, परवानगी कसली?’ हा प्रश्न भावनेच्या दृष्टीने योग्य आहे, पण तो विचारण्यात गेलेल्या महिन्यात नोंदणीची मुदत संपते.

हौशी की व्यावसायिक

लेखी करार असलेला आणि आपल्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त मोबदला मिळणारा खेळाडू व्यावसायिक. बाकी सगळे हौशी, अशी फिफाची व्याख्या आहे. पहिला व्यावसायिक करार होताना खेळाडूला घडवणाऱ्या आधीच्या क्लबांना प्रशिक्षण-भरपाई देण्याची तरतूद आहे. ही तरतूद न्याय्यच आहे. कोल्हापूरच्या पेठेतील किंवा मुंबईच्या उपनगरातील लहान क्लबांना त्याशिवाय काय मिळणार? तरीही व्यवहारात नवा क्लब त्या रकमेचा हिशेब करतो आणि दोन सारख्या दर्जाच्या मुलांपैकी कमी भरपाईवाला मुलगा निवडतो, असे घडते. म्हणून जुन्या क्लबशी हे बोलणे चाचणीआधी उरकावे आणि भरपाई सोडण्याचे ठरल्यास ते लेखी घ्यावे. सचिवांनी सामन्यानंतर चहाच्या टपरीवर ‘तू जा रे, आमचं काही नाही’ म्हणणे हा दस्तऐवज होत नाही.

उलट दिशेनेही एक अट आहे. व्यावसायिक म्हणून खेळलेला खेळाडू क्लबने सोडल्यानंतर लगेच हौशी म्हणून नोंदवता येत नाही. शेवटच्या सामन्यानंतर किमान 30 दिवस जावे लागतात. तसेच एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी आणि त्यांपैकी दोघांकडूनच अधिकृत सामने, असा नियम आहे. ऑगस्टमध्ये आपल्या क्लबखेरीज मित्राच्या क्लबसाठीही जिल्हा लीगचे दोन सामने खेळणारा मुलगा जानेवारीत मोठ्या क्लबचा फोन आल्यावर या नियमात सापडतो. एका सामन्यात दहा मिनिटांसाठी उतरला असला तरी ती मोजणीत धरली जातात.

मुदत: सहीची नव्हे, नोंदणीची

वर्षातून दोन नोंदणी-कालावधी असतात, मोठा हंगामाच्या आधी आणि लहान हंगामाच्या मध्यात. भारतात मोठा कालावधी जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत आणि लहान जानेवारीत, असा शिरस्ता राहिला आहे. परंतु मागच्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नये. 2025-26 चा आयएसएल हंगाम नेहमीप्रमाणे सुरू झाला नाही आणि सगळी गणिते पुढे गेली, हे सर्वांनी पाहिले आहे. ज्या वर्षी नोंदणी करायची, त्या वर्षीचे महासंघाचे परिपत्रक स्वतः वाचावे.

यात सर्वाधिक वेळा चुकीचा वाचला जाणारा नियम मोकळ्या खेळाडूंचा आहे. ‘करार नसलेल्या खेळाडूला कधीही घेता येते’ असे सर्रास सांगितले जाते. नियम असा आहे की ज्या व्यावसायिकाचा करार नोंदणी-कालावधी संपण्याच्या आधी संपलेला आहे, त्यालाच नंतर नोंदवता येते. 31 मे रोजी करार संपलेला खेळाडू सप्टेंबरात चालू शकतो. ऑगस्टची मुदत उलटल्यावर 5 सप्टेंबरला परस्परसंमतीने करार मोडून बाहेर पडलेला चालत नाही, त्याला जानेवारीची वाट पाहावी लागते. क्लब ‘चार दिवसांनी मोकळे करतो’ म्हणतो तेव्हा ते चार दिवस कोणत्या बाजूला पडतात, हे कॅलेंडर उघडून पाहावे.

करारावर सही करताना

अठरा वर्षांखालील मुलाने एकट्याने केलेला करार भारतीय करार कायद्याप्रमाणे टिकत नाही, म्हणून पालकांची सही लागते. अशा खेळाडूचा करार तीन वर्षांहून जास्त मुदतीचा असू शकत नाही. ‘वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाल्यास करार लागू होईल’ असे कलम असल्यास ते काढायला सांगावे. फिफाच्या नियमांनुसार कराराची वैधता वैद्यकीय तपासणीवर अवलंबून ठेवता येत नाही. तपासणी क्लबने सहीच्या आधी करून घ्यावी. एजंट असेल तर त्याला फिफाचा परवाना आहे का, ते आधी तपासावे. त्याच्याशी केलेला करार दोन वर्षांपेक्षा लांब असू शकत नाही. परवाना न दाखवता ‘संघात जागा पक्की’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

सही झाली की दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली प्रत त्याच टेबलावर मागून घ्यावी. ‘उद्या मेल करतो’ म्हणालेल्या प्रती वर्षभर येत नाहीत. त्यानंतर आठवड्याभरात सीआरएसवरील आपल्या नोंदीचे छायाचित्र क्लबकडून मागवावे आणि त्यावरील नाव, जन्मतारीख, कराराची शेवटची तारीख आपल्या प्रतीशी जुळवून पाहावी. मागच्या हंगामात आमच्याकडच्या एका मुलाच्या नोंदीत कराराचे वर्ष एकाने पुढे पडले होते. ते त्याच्या आईच्या लक्षात आले म्हणून दुरुस्त झाले.