प्रेक्षकघट, महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विद्यापीठांच्या बास्केटबॉल सामन्यांना प्रत्यक्ष येणारे प्रेक्षक रोडावल्याने होणारे आर्थिक परिणाम. (‘महाविद्यालयीन’ ही संज्ञा तिकडे विद्यापीठांनाही सर्रास लावतात.)

या खेळाचे रूपांतर तिकीटविक्रीच्या धंद्यात नेमके केव्हा झाले, याविषयी एकमत नाही. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे खेळ सुरू केला. पुढची काही दशके तो कॉलेजच्या व्यायामशाळेतच राहिला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९३१ साली बेकारांच्या मदतनिधीसाठी सामने झाले, तेव्हापासून काही जण आरंभ मोजतात. तथापि तो धर्मादाय कार्यक्रम होता. सामन्यांचे आयोजक नेड आयरिश यांनी डिसेंबर १९३४ मध्ये त्याच सभागृहात एका तिकिटात दोन सामने दाखवण्याची प्रथा पाडली आणि पहिल्याच रात्री सुमारे १६,००० लोक आले; आरंभ इथून धरणे अधिक सयुक्तिक. गर्दी मात्र गृहीत धरता येत नसे. एनसीएए या विद्यापीठांच्या राष्ट्रीय क्रीडासंघटनेच्या १९३९ मधील पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत संयोजकांना सुमारे अडीच हजार डॉलरची खोट आली.

‘उपस्थिती’ हा आकडा जपून वापरावा लागतो. जाहीर होणारी संख्या बहुधा विकलेल्या व वाटलेल्या तिकिटांची असते. दारावर स्कॅन झालेली तिकिटे पुष्कळदा तिच्याहून बरीच कमी भरतात. डिसेंबरात दुबळ्या पाहुण्या संघाविरुद्ध सामना असला की संपूर्ण हंगामाचे तिकीट आधीच घेतलेला प्रेक्षक घरीच बसतो. त्याचे पैसे विद्यापीठाकडे आधीच जमा झालेले असतात; बुडते ते पार्किंग आणि खाण्यापिण्याचे उत्पन्न. अनेक सभागृहांत पॉपकॉर्नच्या टपऱ्या चर्चचे किंवा शाळेच्या बँडचे स्वयंसेवक चालवतात आणि विक्रीतला ठरावीक वाटा संस्थेला मिळतो. अर्ध्या रिकाम्या सभागृहाची झळ आधी त्यांना लागते. त्यामुळे तिकिटांच्या आकड्यांवरून काढलेले नुकसानीचे अंदाज सावधपणे घ्यावेत.

कारणांविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार दोष दूरचित्रवाणीचा : १९७९ मध्ये ईएसपीएन ही क्रीडावाहिनी सुरू झाल्यावर सामने घरबसल्या दिसू लागले. दुसरे मत अर्थतज्ज्ञ सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉलसंदर्भात मांडलेल्या निकालाच्या अनिश्चिततेच्या कल्पनेवर उभे आहे : निकाल ठरलेलाच असेल तर लोक कशाला येतील? दूरचित्रवाणीचा प्रसार होत असतानाही बड्या संघांची सभागृहे बराच काळ भरलेली राहिली. म्हणून पहिले कारण एकटे पुरेसे वाटत नाही.

बड्या विद्यापीठांच्या दृष्टीने दाराशी जमणारी रक्कम आता दुय्यम आहे. राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांचा २०१० मधील करार १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरचा होता. ११ मार्च २०२० रोजी कोविडमुळे ही स्पर्धा प्रेक्षकांविना खेळवण्याचे ठरले आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. परिणामी एनसीएएकडून विद्यापीठांना मिळणारा नियोजित ६० कोटी डॉलरचा वाटा २२.५ कोटींवर आला. प्रेक्षक नसते तरी प्रक्षेपणाचे पैसे आले असते. सामनेच न झाल्याने तेही गेले.

खरा ताण देणग्यांवर येतो. चांगली जागा हवी असेल तर क्रीडा विभागाला आधी देणगी द्यायची, ही तिथली रूढ पद्धत. अशा देणगीच्या ८० टक्के भागावर करसवलत मिळे. २०१७ च्या करकायद्याने ती २०१८ पासून बंद झाली. रिकाम्या खुर्च्या दिसू लागल्या की चांगल्या जागेसाठी देणगी देण्याची गरजच उरत नाही. केंटकी विद्यापीठाचा संघ जिथे खेळतो त्या रप अरीनात २०१९ मध्ये वरच्या मजल्यावरील बाकडी काढून पाठीच्या खुर्च्या बसवल्या आणि क्षमता सुमारे तीन हजारांनी उतरली. हेतू सोयीचा असला तरी जागांची दुर्मिळता टिकण्यासही त्याने मदत झाली असावी.

कर्ज काढून बांधलेल्या सभागृहांचा प्रश्न वेगळा. लुईव्हिल येथील सुमारे २२,००० आसनांचे केएफसी यम! सेंटर २०१० मध्ये उघडले. रोख्यांची परतफेड अंशतः आसपासच्या परिसरातील वाढीव करउत्पन्नातून व्हायची होती. ते अंदाजाहून कमी आले आणि २०१७ मध्ये तिथे खेळणाऱ्या लुईव्हिल विद्यापीठाने दरवर्षी सुमारे २४ लाख डॉलर जादा देण्याचे मान्य केले. ही ओढाताण प्रेक्षकघटीने झाली असे अनेकदा लिहिले जाते, ते बरोबर नाही; संघाची पडझड नंतरची. २०२२-२३ मध्ये त्याने फक्त ४ सामने जिंकले व २८ गमावले.

शहराच्या अर्थव्यवस्थेवरील परिणामाबाबत संयोजकांचे दावे मोठे असतात. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट बाडे व व्हिक्टर मॅथेसन यांना मात्र राष्ट्रीय अंतिम फेरीचाही यजमान शहरांना फारसा लाभ आढळला नाही : सामन्यावर न झालेला खर्च पुष्कळदा गावातच दुसरीकडे होतो.

महिलांच्या सामन्यांत अलीकडे उलट चित्र दिसते. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी आयोवा विद्यापीठाने फुटबॉलच्या मैदानावर भरवलेल्या प्रदर्शनीय सामन्याला ५५,६४६ प्रेक्षक होते.