नवं प्रवाळ टाकीत सोडण्याआधी: डिप, अंडी आणि सहा आठवडे

ॲक्रोपोरा हे फांद्यांचं प्रवाळ खाणारा चपटा कृमी त्यावर बसलेला असताना जवळजवळ दिसतच नाही. प्रवाळाची ऊती खाताना तिच्यातली तपकिरी शैवालं आणि चमकणारी रंगद्रव्यंही त्याच्या पोटात जातात, त्यामुळे ज्या फांदीवर तो बसतो तिचाच रंग त्याला चढतो. सागरी मत्स्यालयं ठेवणाऱ्या शौकिनांच्या टाक्यांत तो आधीपासून माहीत होता. निसर्गात तो पहिल्यांदा सापडल्याची नोंद २०१२ची आहे, ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफवरच्या लिझार्ड बेटापाशी. त्याचं आजचं शास्त्रीय नाव प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी. फांदीच्या सावलीकडच्या बाजूला मिलिमीटरभर गोल, फिकट डाग ओळीने दिसले, तर ते त्याने खाल्ल्याच्या खुणा समजावेत.

नवं प्रवाळ आणलं की औषधाच्या पाण्यात बुडवायचं, म्हणजे डिप द्यायचा, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. अडचण पुढे येते. डिपने कृमी सुटून पडतो, अंड्यांवर मात्र त्याचा भरवशाचा परिणाम होत नाही. अंड्यांचं कवच औषध आत जाऊ देत नाही. मॉन्टिपोरा हे दुसरं प्रवाळ खाणाऱ्या न्युडिब्रँकचं, म्हणजे शंख नसलेल्या समुद्री गोगलगायीचंही तेच. म्हणून एकदा डिप देऊन प्रवाळ थेट मुख्य टाकीत सोडणं म्हणजे अंडी स्वतःच्या हाताने आत नेऊन ठेवणं.

ही अंडी जिवंत ऊतीवर नसतात. बुंध्याशी ऊती मरून उघड्या पडलेल्या सांगाड्यावर, जिवंत भागाच्या लगत, सोनेरी-तपकिरी ठिपक्यांचा दाट पुंजका असतो. दहापट भिंगातून तो स्पष्ट दिसतो. फ्रॅग, म्हणजे प्रवाळाचा कापलेला तुकडा, ज्या चकतीवर चिकटवलेला असतो त्या प्लगची खालची बाजूही पाहावी. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे जुना प्लग टाकूनच देणं. बोन कटरने फ्रॅग जिवंत ऊती सुरू होते तिथून किंचित वर कापायचा, मृत बुंधा प्लगसकट कचऱ्यात टाकायचा आणि फ्रॅग सुपरग्लू जेलने नव्या प्लगवर बसवायचा. कापणं शक्य नसेल तर पुंजका ब्लेडने खरवडून उरलेल्या जागेवर जेलचा थर द्यावा. प्लगवर ऐप्टेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) असेल तर खरवडू नये, कारण तुटलेल्या प्रत्येक कणातून नवं ऐप्टेशिया उगवू शकतं. तेवढा तुकडाच कापून काढावा.

डिपसाठी तीन पांढरी प्लास्टिकची भांडी घ्यावीत. पांढरी अशासाठी, की तळाशी काय पडलं ते दिसतं. तिन्हींत टाकीचंच पाणी, २५-२६ अंश सेल्सिअस, क्षारता ३५ (हजार भागांत ३५ भाग क्षार). पहिल्यात औषध, उरलेली दोन धुण्यासाठी. वनस्पती-तेलांवर आधारलेले तयार डिप घरगुती वापराला चांगले. मात्रा बाटलीवरची, सिरिंजने मोजून. अंदाजाने ओतलेलं औषध हेच नुकसानीचं नेहमीचं कारण. आयोडीनचा डिप जखमेवरच्या जिवाणूंसाठी ठीक, चपट्या कृमींसाठी त्यावर विसंबू नये.

प्रवाळ औषधात ठेवल्यावर नुसतं पडू देऊ नये. २० मिलीच्या सिरिंजने फांद्यांच्या बेचक्यांत आणि खालच्या बाजूने पाण्याचे झोत मारत राहावं. पाचेक मिनिटांत तळाशी पारदर्शक, कडा मुडपलेले, आक्रसलेले तुकडे दिसू लागतात, तेच कृमी. काटेरी ब्रिसल वर्मही बाहेर येतात, पण ते बहुतेक निरुपद्रवी. साधारण १० मिनिटांनी प्रवाळ काढून दोन्ही भांड्यांत नीट धुवावं. डिपचं पाणी टाकीत थेंबभरही जाऊ नये आणि दर खेपेला ते नवं घ्यावं, कारण प्रवाळाच्या चिकट स्रावाने औषधाचा जोर ओसरतो. झोअँथिड (बटणांसारख्या गुच्छांत वाढणारे, प्रवाळांचे मऊ नातलग) आणि ॲक्रोपोरा एका भांड्यात कधीच नकोत.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवेच. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ साली हवाईतल्या पॅलिथोआ या झोअँथिडपासून वेगळं केलेलं हे विष अत्यंत जहाल आहे. असे दगड उकळणं, गरम पाण्याने धुणं किंवा कोरड्या ब्रशने घासणं टाळावं. वाफेतून आणि तुषारांतून विष श्वासात जातं आणि घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात.

परदेशातले काही शौकीन डिपसाठी बागेचं एक कीटकनाशक वापरतात, ज्यात इमिडाक्लोप्रिड आणि सायफ्लुथ्रिन दोन्ही एक टक्क्याहून कमी असतात. त्यांची मात्रा वाचून आपल्याकडच्या कृषी केंद्रातलं इमिडाक्लोप्रिड आणू नये. कपाशीवर फवारतात ते १७.८ टक्क्यांचं असतं, घटक वेगळे, द्रावकही वेगळे. तीच मात्रा इथे कित्येक पट जड पडेल.

आता अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांचं. पाण्याच्या तापमानानुसार अंडी साधारण दीड ते तीन आठवड्यांत फुटतात, थंड पाण्यात उशिरा. २५ अंशांना या कृमीचं जीवनचक्र सुमारे ३८ दिवसांचं. म्हणून प्रवाळ वेगळ्या टाकीत सहा आठवडे ठेवून दर ५-७ दिवसांनी डिप द्यायचा. अंड्यातून निघालेलं पिल्लू स्वतः अंडी घालण्याइतकं मोठं व्हायच्या आत एखाद्या डिपमध्ये सापडतं. चौथ्या आठवड्यात तळाशी काहीच पडत नाही म्हणून थांबू नये. शेवटचे दोन डिप पूर्ण कोरे गेले तरच प्रवाळ पुढे न्यावं.

वेगळी टाकी ४०-६० लिटरची, तळ उघडा, दगड नाहीत. हीटर, छोटा पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), मुख्य टाकीत महिनाभर ठेवून जिवाणू बसवलेला स्पंज फिल्टर आणि आधी मंद ठेवून आठवडाभरात वाढवलेला प्रकाश. दर आठवड्याला पाव पाणी बदलावं. माशांच्या उपचारासाठी तांब्याचं औषध वापरलेली टाकी इथे चालत नाही, कारण तांबं प्रवाळांना मारक असतं. डिपनंतर पॉलिप (प्रवाळाचे इवलेसे जीव) दिवसभर मिटलेले राहिले तर घाबरू नये. बुंध्याकडून ऊती सोलून निघू लागली, तर पुढचे डिप थांबवून निरोगी टोक कापून वाचवावं.

मुख्य टाकीत मासे असतील तर मुक्काम आणखी वाढवावा. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे कोशही प्लगवर येतात, आणि तेही डिपला दाद देत नाहीत. माशांविना ७६ दिवस हा शौकिनांमध्ये रूढ झालेला आकडा आहे.

प्रवाळ कुठून आणावं, तेही सांगायला हवं. मालवण किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून खडकासकट उचललेलं प्रवाळ कधीच नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत भित्तिका बांधणारी प्रवाळं आहेत आणि ती तोडणं गुन्हा आहे. डिपचं पाणी आणि कापलेले प्लगही खाडीत किंवा समुद्रात टाकू नयेत. पाणी गटारात, प्लग ब्लीचमध्ये रात्रभर बुडवून कचऱ्यात.