लायब्ररी नेमकी कुठे ठेवायची? ड्रुपल साइट सांभाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गॅलरीतल्या फोटोवर क्लिक केलं की तो त्याच पानावर मोठा होऊन दिसायला हवा. त्याऐवजी तो कोऱ्या पानावर एकटाच उघडतो. मुखपृष्ठावरचा स्लायडर सरकत नाही, सगळे फोटो एकाखाली एक लागतात. फोनवर आम्हाला सर्वाधिक वेळा हेच ऐकायला मिळतं आणि पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: 'मॉड्यूल टाकलंय, चालू पण केलंय, मग चालत का नाही?'

कारण बहुतेक वेळा एकच असतं. मॉड्यूल (ड्रुपल या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडायचा जास्तीचा भाग) आलंय, पण त्याला लागणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी (ब्राउझरमध्ये चालणारा तयार कोड) आलेली नाही, किंवा आली आहे पण भलत्याच फोल्डरात पडली आहे. ड्रुपलची ही दोन वेगळी पार्सलं आहेत. कलरबॉक्स नावाचं मॉड्यूल म्हणजे ड्रुपल आणि कलरबॉक्स नावाची लायब्ररी यांच्यामधला दुवा. फोटो मोठा करण्याचं खरं काम लायब्ररी करते आणि ती तुम्हाला वेगळी आणावी लागते. ड्रुपल डॉट ऑर्ग या ड्रुपलच्या अधिकृत साइटवरच्या मॉड्यूलमध्ये दुसऱ्याने लिहिलेला लायब्ररीचा कोड भरू नये, असा तिथला सर्वसाधारण दंडक आहे. त्यामागे परवान्याचा विचार आहे, आणि लायब्ररीत सुरक्षेची दुरुस्ती आली तर ती मॉड्यूलची वाट न बघता घेता यावी हाही आहे. गैरसोय होते हे खरं, पण नियम योग्य आहे असं आमचं मत आहे.

साइट आमच्याकडून घेऊन पुढे स्वतः सांभाळणाऱ्या शाळा, पतसंस्था, हॉटेलं आणि दुकानदार यांच्यासाठी हे पत्रक आहे. होस्टिंगचा फाइल मॅनेजर उघडता येतो आणि झिप फाइल सोडवता येते, एवढं गृहीत धरलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. या पत्रकात फोल्डरांची आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत, ती समजण्यापुरती. टाइप करायचं स्पेलिंग इथून घेऊ नका, ते मॉड्यूलच्या फाइलमधूनच उचला. ती फाइल कोणती, ते पुढे येतंच.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक

गिटहबवरून (लायब्ऱ्यांचा कोड जिथे ठेवलेला असतो त्या साइटवरून) झिप उतरवली की आत सरळ फाइली नसतात, आधी एक फोल्डर असतो. त्याच्या नावाला शेपूट असतं: 'कलरबॉक्स-मास्टर' किंवा 'कलरबॉक्स-1.6.4'. त्यात विंडोजवर 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' केलं तर विंडोज झिपच्या नावाचा आणखी एक फोल्डर बाहेरून चढवतं. म्हणजे कलरबॉक्स-मास्टरच्या आत कलरबॉक्स-मास्टर, आणि त्याच्या आत खऱ्या फाइली. ग्राहक बाहेरचा फोल्डर उचलून लायब्ररीज फोल्डरात टाकतात. तिथे 'कलरबॉक्स' हा शब्द दिसतो, त्यामुळे काम झालं असं वाटतं. मॉड्यूलला मात्र काहीच सापडत नाही.

कुरिअरवाला पाकिटावर लिहिलेल्या पत्त्यावरच जातो, शेजारच्या दारावर त्याच आडनावाची पाटी असली तरी तिथे पार्सल देत नाही. मॉड्यूलही तसंच वागतं. त्याच्यात एक पत्ता लिहून ठेवलेला असतो आणि त्यात एका अक्षराचा फरक पडला तरी फाइल 'नाही' असं ते धरून चालतं.

तो पत्ता कुठे लिहिलेला असतो? मॉड्यूलच्या फोल्डरात मॉड्यूलच्या नावाने सुरू होणारी आणि 'लायब्ररीज डॉट वायएमएल'ने संपणारी एक फाइल असते. फाइल मॅनेजरमध्ये ती नुसती बघण्यासाठी उघडा, काही बदलू नका. कलरबॉक्सच्या त्या फाइलमध्ये जेएस या शब्दाखाली अशा अर्थाची ओळ दिसेल: /लायब्ररीज/कलरबॉक्स/जेक्वेरी.कलरबॉक्स-मिन.जेएस. इथे दोन गोष्टी नीट पाहा. पहिली म्हणजे ओळीच्या सुरुवातीची तिरकी रेघ. ती असली तर पत्ता साइटच्या मुळापासून मोजायचा (मूळ म्हणजे कुठे, ते पुढे येतं); नसली तर तो मॉड्यूलच्या स्वतःच्या फोल्डरापासून मोजला जातो आणि ती फाइल मॉड्यूलबरोबर आलेली असते, तुम्हाला काही आणावं लागत नाही. दुसरी गोष्ट, 'मिन'च्या आधी टिंब नाही, आडवी रेघ आहे. बऱ्याच लायब्ऱ्यांत तिथे टिंब असतं, त्यामुळे अंदाजाने नाव बदलणारे इथे हमखास अडकतात.

'डबल फोल्डर असला की चूक', एवढं लक्षात ठेवून भागेल का? नाही भागत. स्लायडरसाठी लागणाऱ्या स्लिक लायब्ररीचा योग्य पत्ताच /लायब्ररीज/स्लिक/स्लिक/स्लिक.मिन.जेएस असा आहे. तिथे दोनदा 'स्लिक' हवंच, कारण लायब्ररीच्या आत त्याच नावाचा फोल्डर मुळातच आहे. कलरबॉक्सचा अनुभव घेतलेले काही जण इथे 'शहाणपणाने' एक फोल्डर कमी करतात आणि चांगला चाललेला स्लायडर बंद पडतो. म्हणून कुठलाही ठोकताळा न लावता वायएमएलमधली ओळ बघा आणि तिच्याशी अक्षर न् अक्षर जुळवा.

झिप उतरवतानाही 'मास्टर'ची प्रत घेऊ नका, रिलीजच्या यादीतून क्रमांक असलेली आवृत्ती घ्या. स्लिक मॉड्यूलच्या रीडमी या सूचनांच्या फाइलमध्येही मास्टरऐवजी अधिकृत रिलीज घ्यायला सांगितलं आहे. आवृत्ती बदलली की आतली मांडणीही बदलू शकते. फाइल अपलोडसाठी लागणाऱ्या ड्रॉपझोनच्या पाचव्या आवृत्तीत लहान केलेली फाइल 'डिस्ट'मधल्या 'मिन' फोल्डरात आहे. सहाव्या आवृत्तीत ती थेट 'डिस्ट'मध्ये आली आणि तिचं नावही बदललं. मॉड्यूल जुना पत्ता मागत असेल तर नवी लायब्ररी कितीही नीट ठेवली तरी उपयोग नाही.

ब्राउझरमध्ये तपासणी

फोन करण्याआधी एवढं एक करा. वायएमएलमधली ओळ कॉपी करा, ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्यापुढे पेस्ट करा आणि एंटर दाबा. साइट एखाद्या उपफोल्डरात चालत असेल तर त्या उपफोल्डराच्या नावानंतर.

पडद्यावर कंस आणि अर्धविरामांनी गच्च भरलेला कोड दिसला, तर फाइल जागेवर आहे. 'पान सापडलं नाही', म्हणजे 404, असं आलं तर पत्ता चुकला आहे. फोल्डर पुन्हा जुळवा. 403 आलं तर फाइल जागेवर आहे पण सर्व्हरला ती वाचायची परवानगी नाही. बहुतेक होस्टिंगवर फोल्डरला 755 आणि फाइलला 644 परवानगी ठेवली की हा प्रश्न सुटतो. 777 देऊ नका. 'चालू झालं ना' म्हणून ते तसंच राहतं आणि पुढे साइटमध्ये कुणीही काहीही लिहू शकेल अशी वाट मोकळी राहते.

कोड दिसतो आणि तरी गॅलरी चालत नाही? मग ड्रुपलच्या सेटिंगमधल्या कामगिरी (परफॉर्मन्स) विभागात जाऊन सगळे कॅशे, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती, साफ करा, ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि एफ-5 दाबा. त्याच पानावर जावास्क्रिप्ट फाइली एकत्र करण्याचा पर्याय असतो, तो तपासणीपुरता बंद ठेवा. तो चालू असताना सगळ्या फाइली एकाच गठ्ठ्यात येतात, त्यामुळे एफ-12 दाबून नेटवर्क टॅबमध्ये पाहिलं तरी कोणती लायब्ररी आली आणि कोणती नाही हे वेगळं कळत नाही. तपासणी झाली की पर्याय आठवणीने पुन्हा चालू करा, नाहीतर साइट हळू होते.

गूगलवर सापडलेला पत्ता

गूगलवर शोधलं की अजूनही पुष्कळ ठिकाणी 'साइट्स/ऑल/लायब्ररीज' हा पत्ता मिळतो. तो ड्रुपल 7 चा. ती आवृत्ती 2011 च्या जानेवारीत आली आणि 5 जानेवारी 2025 ला तिचा अधिकृत आधार संपला. नोव्हेंबर 2015 मध्ये ड्रुपल 8 आलं तेव्हापासून लायब्ररीज हा फोल्डर साइटच्या मुळाशीच ठेवण्याची रीत आहे. नाव बहुवचनी आहे, 'लायब्ररी' असा फोल्डर केला तर चालणार नाही.

आता 'मूळ' म्हणजे कुठे? ज्या फोल्डरात कोअर, मॉड्यूल्स, थीम्स आणि साइट्स हे चार फोल्डर शेजारी शेजारी दिसतात, ते मूळ. साध्या होस्टिंगवर ते पब्लिक एचटीएमएल असतं. कंपोजरने (ड्रुपल आणि त्याचे भाग उतरवून जागेवर बसवणाऱ्या साधनाने) उभारलेल्या साइटवर मात्र हे चारही 'वेब' नावाच्या फोल्डरात असतात आणि बाहेर कंपोजरच्या स्वतःच्या फाइली आणि व्हेंडर हा फोल्डर असतो. लायब्ररीज फोल्डर 'वेब'च्या आत हवा. अलीकडे आम्ही दिलेल्या सगळ्या साइट कंपोजरच्या आहेत, त्यामुळे आमच्या ग्राहकांनी आधी 'वेब' उघडायचं.

मॉड्यूलच्या स्वतःच्या फोल्डरात लायब्ररी ठेवून वायएमएलमधला पत्ता बदलण्याची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. त्या दिवशी सगळं चालतं. पुढच्या अपडेटला मॉड्यूलचा फोल्डर नव्याने लिहिला जातो, त्यात तुमची लायब्ररीही जाते आणि बदललेली ओळही. मग सहा महिन्यांनी 'काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं' असा फोन येतो.

आणखी एक, घरच्या संगणकावर झॅम्पवर (संगणकावरच साइट चालवून बघण्याच्या सॉफ्टवेअरवर) सगळं चालतं आणि सर्व्हरवर चढवलं की बंद. विंडोज फोल्डरच्या नावात मोठं आणि छोटं अक्षर सारखंच धरतं, लिनक्स सर्व्हर धरत नाही. वायएमएलमध्ये छोटं अक्षर असेल तर सर्व्हरवर छोटंच हवं.

आम्ही असं का करतो

'तुमच्याकडे तयार फोल्डर असेलच, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्या' असं बरेच जण म्हणतात. आम्ही पाठवत नाही, याचा काहींना राग येतो. पण फिरत फिरत आलेली झिप कोणत्या आवृत्तीची आहे, मध्ये कोणी काही घातलंय का, हे कोणालाच सांगता येत नाही. लायब्ररी तिच्या मूळ जागेवरूनच उतरवा. तिथून ती फुकटच मिळते.

दुसरा प्रश्न असतो: फाइली ठेवायची कटकट कशाला, बाहेरच्या सर्व्हरवरून एका ओळीत लायब्ररी जोडता येते की. येते. पण जून 2024 मध्ये पॉलिफिल डॉट आयओ या पत्त्यावरून अशीच जोडलेली स्क्रिप्ट बिघडवली गेली आणि एक लाखाहून जास्त साइटच्या पाहुण्यांपुढे घातक कोड गेला. त्या साइटवाल्यांनी स्वतः काहीच बदललं नव्हतं. तो पत्ता काही महिने आधी दुसऱ्या मालकाकडे गेला होता, एवढंच. पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या साइटवर ही जोखीम आम्ही घेणार नाही. लायब्ररी तुमच्याच सर्व्हरवर राहील, तिची आवृत्ती तुम्हाला माहीत असेल.

नव्या कलरबॉक्स मॉड्यूलबरोबर डीओएमप्युरिफाय नावाची दुसरी लायब्ररीही लागते. फोटोखालच्या मजकुरातला एचटीएमएल ती गाळून घेते. तिची फाइल 'डिस्ट' फोल्डरात असते. स्टेटस रिपोर्टमध्ये, म्हणजे साइटमधल्या त्रुटी दाखवणाऱ्या ड्रुपलच्या पानावर, तिच्याबद्दलची सूचना दिसली तर 'गॅलरी तर चालतेय' म्हणून सोडून देऊ नका.

आम्हाला कळवताना

तीन गोष्टी एकाच वेळी पाठवा: स्टेटस रिपोर्टच्या पानाचा फोटो, वायएमएलमधल्या त्या ओळीचा फोटो आणि फाइल मॅनेजरमध्ये लायब्ररीज फोल्डर उघडा ठेवून काढलेला फोटो. शेवटच्या फोटोत वरची पत्त्याची पट्टी दिसू द्या, आमचं निम्मं काम तिथेच होतं. पासवर्ड फोटोत किंवा संदेशात पाठवू नका. लागलाच तर आम्ही फोनवर विचारू.

फोटो पाहून फोनवरच सुटणाऱ्या प्रश्नाचे पैसे आम्ही घेत नाही. सर्व्हरवर आम्हालाच जावं लागलं तर नेहमीच्या दराने आकार लागतो. ज्यांचा वार्षिक देखभाल करार आहे त्यांना हा आकार नाही. त्यांच्या साइटवर लायब्ऱ्या आम्ही कंपोजरनेच बसवतो. कोणती लायब्ररी कुठे जायची ते एकदा लिहून ठेवलेलं असतं, त्यामुळे फोल्डर हाताने हलवण्याचा प्रश्नच येत नाही आणि अपडेटच्या वेळी लायब्ररीही तपासली जाते. करार नसलेल्यांनाही एकदाच पैसे भरून अशी मांडणी करून घेता येते. शाळांनी ती उन्हाळ्याच्या सुट्टीत करून घ्यावी; जूनमध्ये प्रवेशाची गर्दी असताना साइट थोडा वेळही बंद ठेवणं त्यांना परवडत नाही.