आवाज येतो, चित्र नाही: संगणकासाठी व्हिडिओ प्लेअर निवडताना

गणपतीत मोबाइलवर काढलेला व्हिडिओ संगणकावर घेतला, डबल क्लिक केलं, तर ढोल-ताशे ऐकू येतात आणि खिडकी मात्र काळीच. फाइल खराब झाली असं समजून लोक ती पुन्हा कॉपी करतात. काही जण फाइलच्या नावातलं शेवटचं एमकेव्ही खोडून तिथे एमपी४ लिहून बघतात. त्याने काहीच होत नाही, कारण फाइल बहुतेक वेळा धडधाकट असते. अडचण असते ती तिच्यातलं चित्र उलगडता न येणाऱ्या प्लेअरची.

चित्र उलगडावं का लागतं, हे एका हिशेबावरून कळेल. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला तीन बाइट धरले, तर एका चित्राचे ६२ लाख बाइट होतात. सेकंदाला अशी २५ चित्रं, म्हणजे साधारण १५५ एमबी. दोन तासांचा सिनेमा असा न आकसता जसाच्या तसा साठवला तर ११०० जीबीच्या पुढे जाईल. प्रत्यक्षात तोच सिनेमा दोन जीबीत बसलेला असतो, म्हणजे साडेपाचशेपट आकसून.

हे आकसणं चालतं आपल्या डोळ्यांच्या आणि चित्रांच्या स्वभावावर. डोळ्याला उजेडातले बारकावे नीट दिसतात, रंगातले तेवढे नाही; म्हणून रंगाची माहिती आधीच विरळ केली जाते. पण खरी बचत पुढे आहे. बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या मागची भिंत सेकंदाला पंचवीस वेळा नव्याने लिहायची गरजच काय? म्हणून अधूनमधून एखादंच चित्र पूर्ण साठवतात. त्याला की-फ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांसाठी फक्त ‘हा चौकोन चार ठिपके डावीकडे सरकला’ अशा सूचना आणि उरलेला बारीकसा फरक लिहिला जातो. काही चित्रं तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांवरून बेतलेली असतात. म्हणजे प्लेअरला नंतर दिसणारं चित्र आधी तयार करून बाजूला ठेवावं लागतं आणि मग मधलं दाखवावं लागतं. फाइलचा एखादा तुकडा गहाळ झाला, की चेहऱ्यावर मागच्या दृश्यातली भिंत ओघळताना दिसते आणि पुढची की-फ्रेम आली की सगळं एकदम स्वच्छ होतं, ते याचमुळे.

या आकसण्या-उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच.२६४ हे कोडेक २००३ सालचं आणि आजही सर्वत्र चालणारं. २०१३ साली आलेलं एचईव्हीसी साधारण तेवढ्याच दर्जाचं चित्र निम्म्या जागेत बसवतं, आणि अलीकडचे बरेच फोन त्यातच व्हिडिओ काढतात. २०१८ सालचं एव्ही१ रॉयल्टी न घेता वापरू देण्याच्या उद्देशाने तयार झालं. एमकेव्ही, एमपी४, एव्हीआय ही मात्र कोडेकची नावं नव्हेत. ते नुसते डबे: चित्र, आवाज, सबटायटल एकत्र ठेवणारे. एकाच एमपी४ डब्यात एच.२६४ असेल किंवा एचईव्हीसी. आता नाव बदलून काही का होत नाही, ते कळलं असेल.

मग विंडोजसोबत येणाऱ्या प्लेअरला एचईव्हीसी हमखास का येत नाही? त्यामागे तंत्रापेक्षा पेटंटचा पैसा जास्त आहे. या कोडेकवर अनेकांची पेटंट आहेत, त्यामुळे मायक्रोसॉफ्टने त्याचा जोड वेगळा, नाममात्र किमतीला विकायला ठेवला. फुकट मिळणाऱ्या मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या प्लेअरची गोष्ट निराळी. त्यांतल्या व्हीएलसीची सुरुवात १९९६ साली पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाली. तिथल्या विद्यार्थ्यांना वसतिगृहासाठी वेगवान नेटवर्क हवं होतं, आणि त्यासाठी सबब म्हणून नेटवर्कवरून टीव्ही दाखवण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. २००१ साली त्याचा सोर्स कोड जीपीएल या, कोणालाही कोड वापरू आणि बदलू देणाऱ्या परवान्याखाली खुला झाला. विद्यार्थी मंडळाने जमवलेले रस्त्यावरचे नारिंगी शंकू त्याचं चिन्ह बनले. आज व्हीएलसी सांभाळते व्हिडिओलॅन ही फ्रान्समधली ना-नफा संस्था. प्लेअरमध्ये जाहिरात नाही, नोंदणी नाही.

व्हीएलसीच्या पोटात उलगडण्याचं बरंचसं काम एफएफएमपेग या प्रकल्पाचा कोड करतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली तो सुरू केला. एमपीव्ही या दुसऱ्या मुक्त प्लेअरमध्येही तोच कोड आहे, एमपीसी-एचसी या तिसऱ्या प्लेअरच्या आतले चित्र-आवाज उलगडणारे भागही त्यावरच उभे आहेत. त्यामुळे ‘कोणता प्लेअर जास्त फॉरमॅट चालवतो’ या वादात फारसा दम नाही. फरक आहे तो वापराच्या सोयीचा.

घरातल्या सगळ्यांच्या संगणकासाठी मी डोळे झाकून व्हीएलसी सांगेन. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो, वेगळं कोडेक पॅक लागत नाही. जुन्या विंडोज संगणकावर साधासुधा, हलका प्लेअर हवा असेल तर एमपीसी-एचसी. त्याचं मूळ काम २०१७ साली थांबलं, पण दुसऱ्या विकासकाने ते पुढे चालू ठेवलं आहे, तेव्हा तीच आवृत्ती घ्यावी. एमपीव्ही मला स्वतःला सगळ्यात आवडतो. चित्र सुरेख, पण खिडकीत बटणं जेमतेम. बरीचशी कामं कीबोर्डवरून करायची. आईबाबांच्या लॅपटॉपवर तो टाकून देऊ नये, रोज फोन येतील.

चित्र अडखळत असेल तर प्लेअर बदलण्याआधी व्हीएलसीमध्ये व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे दाबा. कोडेकचं नाव समोर येईल. तिथे एचईव्हीसी दिसलं आणि संगणक २०१५ च्या आधीचा असला, तर दोष बहुधा चिपचा. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून एचईव्हीसी उलगडणारा खास भाग चिपमध्येच आला. दहा-बिट, म्हणजे जास्त बारीक रंगछटांचं एचईव्हीसी सातव्या पिढीपासून, एव्ही१ अकराव्यापासून. हा भाग नसला की सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो, पंखा घुरघुरतो आणि फोर-के व्हिडिओ धापा टाकतो. एव्ही१साठी डेव्हिड नावाचा मुक्त डिकोडर, म्हणजे चित्र उलगडणारा प्रोग्राम, बराच आधार देतो; त्याचे कळीचे भाग थेट असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत, हाताने लिहिले आहेत. हा प्रकल्पही व्हिडिओलॅनचाच.

डाउनलोड मात्र प्रकल्पाच्या मूळ साइटवरूनच करा. शोधात वर येणाऱ्या भलत्याच साइट इन्स्टॉलरसोबत जाहिरातींचा कचरा चिकटवून देतात. २०२२ साली भारतात व्हिडिओलॅनची साइट कित्येक महिने उघडत नव्हती. संस्थेने कायदेशीर नोटीस दिल्यावर नोव्हेंबरात ती पुन्हा खुली झाली. आता ती अडचण नाही.

राहिलं मराठी सबटायटल. अक्षरांऐवजी चित्रविचित्र खुणा दिसल्या तर बहुधा सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत नाही. मजकूर शाबूत असलेली प्रत नोटपॅडमध्ये उघडा, ‘सेव्ह अॅज’ करताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले तर मात्र दोष फॉन्टचा. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये सबटायटलसाठी निर्मला यूआय किंवा मंगल निवडलं की देवनागरी दिसू लागते. आणि ओळी संवादाच्या मागे-पुढे पडत असतील तर जी आणि एच या कळा आहेत. प्रत्येक दाबाला ओळ थोडी थोडी सरकते.